इंग्रजीतील नेहमीच्या चुका व त्यांचा वर्गातील सराव

(केंद्रातील प्राथमिक शिक्षकांच्या संमेलनात झालेले भाषण)



इंग्रजीच्या व्याकरणावर चार शब्द बोलावेत अशी मला आज्ञा झाली आहे. व्याकरण हा शब्द उच्चारताच श्रोत्यांच्या मुद्रेवर कोणती छाया पसरते हे मला ठाऊक आहे. म्हणून आरंभीच सांगतो की, नियमांची नवी यादी देण्यासाठी मी येथे उभा नाही. नियम आपणांस माहीत आहेत. ते पाठ्यपुस्तकात आहेत, हस्तपुस्तिकेत आहेत, आणि ज्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर महाराष्ट्राच्या कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या, तिच्यातही आहेत. अडचण नियमांच्या अज्ञानाची नाही; नियम मुलाच्या जिभेत व बोटांत उतरत नाही, ही खरी अडचण आहे.

आपल्या राज्यात सन २००० पासून इंग्रजी पहिल्या इयत्तेपासून शिकविली जाते. त्याआधी खेड्यातील मुलाची या भाषेशी पहिली गाठ पाचवीत पडत असे. म्हणजे या परक्या भाषेची ओळख करून देण्याचे काम आता आपल्याकडे, एकाच खोलीत दोन-दोन इयत्ता सांभाळणाऱ्या शिक्षकाकडे, आले आहे. हे काम नीट झाले नाही तर काय होते? मूल तालुक्याच्या हायस्कुलात जाते. गणितात चांगले असते, विज्ञानात चौकस असते. परंतु इंग्रजीच्या तासाला मान खाली घालून बसते, आणि हळूहळू स्वतःलाच मठ्ठ समजू लागते. एका विषयातील अडखळणे साऱ्या बुद्धीवरचा डाग होऊन बसते. आजच्या विषयात जे काही महत्त्वाचे आहे, ते हे आहे.

माझ्या प्रतिपादनाचे सूत्र एका वाक्यात सांगतो. आपल्या मुलांच्या बहुतेक चुका या निष्काळजीपणाच्या नसतात. त्या मराठीच्या असतात. ‘मला दोन भाऊ आहेत’ हे मनात धरून एखादे मूल ‘आय टू ब्रदर्स आर’ असे लिहिते, तेव्हा त्याने विचार केलेला असतो, आणि मराठीच्या दृष्टीने तो विचार अगदी बरोबर असतो. मराठीच्या कोणत्या सवयीतून कोणती चूक उपजते हे शिक्षकाला एकदा उमगले, म्हणजे रागावण्याचे कारण उरत नाही आणि सराव कशाचा घ्यावयाचा हेही कळते. पुढील इंग्रजी वाक्ये छापताना देवनागरीत घेतली आहेत. आपण फळ्यावर ती अर्थातच रोमन लिपीत लिहावीत.

१. शब्दांचा क्रम

‘कुत्रा मांजराला चावला’ आणि ‘मांजराला कुत्रा चावला’ या दोन्ही वाक्यांचा अर्थ एकच. ‘ला’ हा प्रत्यय मांजराच्या पाठीशी असल्यामुळे ते वाक्यात कोठेही बसले तरी चावा त्यालाच. इंग्रजीत नामाला असा प्रत्यय नाही. तेथे जागा हाच प्रत्यय. ‘द डॉग बिट द कॅट’ यातील दोन नामांची अदलाबदल केली की चावणारा व चावला जाणारा यांचीही अदलाबदल होते. मराठीत क्रियापद शेवटी येते. इंग्रजीत ते कर्ता व कर्म यांच्यामध्ये उभे राहते.

हे सांगून समजत नाही, करून समजते. खोक्याच्या पुठ्ठ्याचे तीन तुकडे घ्यावेत. त्यांवर कर्ता, क्रियापद व कर्म लिहावे. तीन मुलांच्या हाती देऊन त्यांना ओळीने उभे करावे. मुलांनी जागा बदलल्या की वर्गाने वाक्य मोठ्याने वाचावे. कुत्र्याऐवजी मांजर चावू लागले की वर्ग हसतो, आणि त्या हसण्यातच नियम पक्का होतो.

याच संदर्भात ‘हॅव’ या क्रियापदाकडे लक्ष द्यावे. मराठीत त्याला जोड नाही. ‘मला दोन भाऊ आहेत’, ‘माझ्याजवळ पेन आहे’, ‘मला ताप आहे’, ‘टेबलाला चार पाय आहेत’ या चारही वाक्यांत आपण ‘असणे’ वापरतो आणि मालकाला कधी ‘ला’, तर कधी ‘जवळ’ लावतो. इंग्रजीत चारही ठिकाणी मालक कर्ता होतो: ‘आय हॅव टू ब्रदर्स’, ‘आय हॅव अ पेन’, ‘आय हॅव अ फीव्हर’, ‘द टेबल हॅज फोर लेग्ज’. ही चार वाक्ये एका शेजारी एक लिहून रोज दोन मिनिटे म्हणवून घेतली तरी वर्षभराच्या पुष्कळ चुका टळतील.

२. क्रियापद

तृतीय पुरुषी एकवचनी कर्त्यापुढे वर्तमानकाळी क्रियापदास ‘एस’ लागतो, हा नियम सर्वांस पाठ असतो आणि सर्वांकडून मोडला जातो. मराठीत ‘जातो, जातोस, जाते, जातात’ अशी क्रियापदाची रूपे पुरुषागणिक बदलतात. इंग्रजीतही एके काळी असे अनेक प्रत्यय होते. ते झडून गेले व हा एकटा ‘एस’ मागे राहिला. मुलांना तो विसरणे सोपे जाते, कारण त्याच्यावाचूनही अर्थ कळतो. म्हणून त्याचा सराव कानाने व्हावयास हवा: ‘आय गो, यू गो, ही गोज’, ‘माय मदर कुक्स’, ‘माय फादर वर्क्स’. घरातल्या माणसांची घरातली कामे हा या सरावाचा उत्तम विषय होय.

प्रश्न विचारताना किंवा नकार देताना ‘डज’ येतो, तेव्हा हा ‘एस’ त्याच्याकडे जातो. मुलांना असे सांगावे की, हा एकच पाहुणा आहे. तो एका वेळी एकाच घरी उतरतो. ‘डज शी गो?’ हे बरोबर. ‘डज शी गोज?’ यात पाहुणा दोन घरी जेवला. भूतकाळाचेही तसेच. ‘डिड’ने भूतकाळ स्वतःकडे घेतला की मूळ क्रियापद मोकळे होते: ‘डिड यू गो?’, ‘डिड यू वेंट?’ नव्हे.

प्रश्नार्थक वाक्यात आणखी एक खोड आढळते. मराठीत ‘तू जात आहेस’ या वाक्याच्या शेवटी ‘का’ जोडला की प्रश्न तयार होतो. बाकीचे शब्द जागचे हलत नाहीत. ‘तू कोठे जात आहेस?’ यातही तसेच. म्हणून मुले ‘व्हेअर यू आर गोइंग?’ असे म्हणतात. इंग्रजीत साहाय्यक क्रियापद कर्त्याच्या पुढे सरकते: ‘व्हेअर आर यू गोइंग?’ पुठ्ठ्यांचा खेळ येथेही चालतो. ‘यू’ आणि ‘आर’ यांनी जागा बदलली, की सांगणाऱ्याचा विचारणारा होतो.

मराठीच्या शिष्टाचारातून निघणारी एक चूक फार गोड आहे. ‘बाबा आले’, ‘गुरुजी शिकवितात’ असे आपण आदरार्थी बहुवचन योजतो. म्हणून सुशील मूल वडिलांविषयी लिहिताना ‘दे’ वापरते. त्याला रागे भरू नये. इंग्रजीत एका व्यक्तीला, ती कितीही थोर असो, ‘ही’ किंवा ‘शी’ म्हणतात, आणि तू, तुम्ही, आपण या तिघांना मिळून एकच ‘यू’ आहे. तेथे आदर ‘सर’, ‘मॅडम’, ‘प्लीज’ अशा शब्दांनी आणि आवाजाने दाखवितात, एवढे सांगावे. हा खुलासा ऐकेपर्यंत कित्येक मुलांना ‘माय फादर... ही’ असे म्हणताना संकोच वाटतो.

काळाच्या दोन गोष्टी सांगून पुढे जातो. पहिली: ‘नो’, ‘लाइक’, ‘वाँट’, ‘बिलाँग’ ही क्रियापदे स्थिती दाखवितात, चालू कृती दाखवीत नाहीत, म्हणून ‘आय ॲम नोइंग हिम’ असे न म्हणता ‘आय नो हिम’ असे म्हणावे. ‘असणे’ या अर्थीचा ‘हॅव’ही याच गोत्रातला, ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ हे वाक्य सुशिक्षितांच्या तोंडीही ऐकू येते, परंतु ते टाळावे. दुसरी: ‘मी पाच वर्षांपासून या गावात राहतो’ येथे मराठीत साधा वर्तमानकाळ चालतो, इंग्रजीत मात्र ‘आय हॅव लिव्ह्ड इन धिस व्हिलेज फॉर फाइव्ह इयर्स’ असे पूर्ण वर्तमानकाळाचे रूप येते. शिवाय आपला ‘पासून’ तेथे दोन शब्दांत विभागला जातो. बोटे मोजून सांगता येईल असा अवधी असेल तर ‘फॉर’: फॉर फाइव्ह इयर्स, फॉर टू डेज. कॅलेंडरावर किंवा घड्याळावर बोट ठेवता येईल असा आरंभबिंदू असेल तर ‘सिन्स’: सिन्स मंडे, सिन्स २०२०. वर्गात कॅलेंडर टांगलेले असतेच. मुलाला उठवून बोट ठेवावयास सांगावे. बोट ठेवता आले तर ‘सिन्स’, नाही तर ‘फॉर’.

३. ‘अ’, ‘ॲन’ आणि ‘द’

मराठीत उपपदे नाहीत, म्हणून ती शिकविणे कठीण, अशी समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. आजी गोष्ट सांगते तेव्हा म्हणते, ‘एका गावात एक राजा होता. त्या राजाला एक मुलगी होती. ती मुलगी फार हट्टी होती.’ पहिल्या भेटीत ‘एक राजा’, दुसऱ्या भेटीत ‘तो राजा’. हाच ‘अ किंग’ आणि ‘द किंग’ यांतील भेद होय. इंग्रजीतला ‘ॲन’ मूळचा ‘एक’ या अर्थाच्या शब्दापासूनच निघालेला आहे, आणि ‘द’ हा ‘तो’ या अर्थाच्या जुन्या दर्शकाचे वंशज आहे. त्यामुळे ही तुलना ओढूनताणून केलेली नाही. मुलांना कसोटी द्यावी: नामाआधी ‘एखादा’ शोभला तर ‘अ’, ‘तो, ती, ते’ शोभले तर ‘द’, गावाचे किंवा माणसाचे नाव असेल तर बहुधा काहीच नको. कसोटी सर्वत्र चालणार नाही. परंतु प्राथमिक शाळेच्या लेखनात ती पुष्कळ दूर नेईल.

‘अ’ की ‘ॲन’ हे अक्षर पाहून ठरवू नये, उच्चार ऐकून ठरवावे. ‘आवर’ या शब्दाच्या लेखनात आरंभी ‘एच’ आहे, पण उच्चार स्वराने होतो, म्हणून ‘ॲन आवर’. ‘युनिफॉर्म’च्या आरंभी ‘यू’ हे स्वराक्षर आहे, पण उच्चार ‘य’ने होतो, म्हणून ‘अ युनिफॉर्म’. आपल्या मुलांना देवनागरीमुळे ध्वनीप्रमाणे विचार करण्याची सवय असते. तिचा येथे प्रत्यक्ष लाभ होतो. शब्द देवनागरीत लिहून पाहावा: आरंभी स्वर आला तर ‘ॲन’.

४. शब्दयोगी अव्यये

मराठीत शब्दयोगी अव्यय नामाच्या मागून येते व त्याला जोडून लिहितात: ‘टेबलावर’. इंग्रजीत ते पुढून येते व सुटे लिहितात: ‘ऑन द टेबल’. एवढे मुले लवकर शिकतात. कठीण आहे ते नेमका शब्द निवडणे. काळवाचक शब्दांसाठी एक सोपी पायरी सांगतो. घड्याळाच्या वेळेस ‘ॲट’: ॲट टेन ओक्लॉक. वारास व तारखेस ‘ऑन’: ऑन मंडे. महिन्यास व वर्षास ‘इन’: इन मे, इन २०२४. लहान घरास ‘ॲट’, मधल्यास ‘ऑन’, मोठ्यास ‘इन’. शाळेच्या रोजच्या परिपाठात दिनांक लिहितातच. तेव्हा एक वाक्य इंग्रजीतही म्हणवून घ्यावे.

दुसरा प्रकार म्हणजे नको तेथे अव्यय घालणे. ‘वर्गात शिरणे’, ‘गावाला पोचणे’, ‘शिक्षकांना विचारणे’, ‘प्रश्नाविषयी चर्चा करणे’ या प्रत्येकात मराठीला प्रत्यय किंवा शब्दयोगी लागते. म्हणून आपण ‘एंटर इन’, ‘रीच टु’, ‘आस्क टु’, ‘डिस्कस अबाउट’ असे लिहितो. इंग्रजीत या चारही क्रियापदांना कर्म थेट लागते: ‘एंटर द क्लासरूम’, ‘रीच द व्हिलेज’, ‘आस्क द टीचर’, ‘डिस्कस द क्वेश्चन’. ही चार वाक्ये वर्गाच्या भिंतीवर लावावीत.

५. शब्दनिवड

व्याकरण चुकले तरी ऐकणारा अर्थ सावरून घेतो. शब्द चुकला तर अर्थच हातचा जातो. या बाबतीत कोशाचा पहिला अर्थ उचलून वाक्यात बसविण्याची सवय घातक ठरते. मराठीतले ‘लागणे’ हे एकच क्रियापद पाहा. ‘मला भूक लागली’: ‘आय ॲम हंग्री’. ‘तालुक्याला जायला दोन तास लागतात’: ‘इट टेक्स टू अवर्स’. ‘माझ्या पायाला लागले’: ‘आय हर्ट माय फूट’. ‘मला वही लागते’: ‘आय नीड अ नोटबुक’. ‘गवताला आग लागली’: ‘द ग्रास कॉट फायर’. ‘पाऊस पडू लागला’: ‘इट बिगॅन टु रेन’. मराठीतला एक शब्द, इंग्रजीत सहा निरनिराळ्या रचना. म्हणून मुलांकडून सुटे शब्द पाठ करून घेऊ नयेत, वाक्ये पाठ करून घ्यावीत. ‘लागणे’ म्हणजे काय, या प्रश्नाला उत्तर नाही. ‘भूक लागणे’ म्हणजे काय, याला आहे.

‘बंद करणे’ हे दुसरे उदाहरण. दार बंद करणे म्हणजे ‘शट’ किंवा ‘क्लोज’. दिवा, पंखा वा नळ बंद करणे म्हणजे ‘टर्न ऑफ’. बोलणे बंद करणे म्हणजे ‘स्टॉप टॉकिंग’. ‘क्लोज द फॅन’ हे वाक्य याच गोंधळातून येते. ‘पाहणे’ही असेच: सहज दिसले तर ‘सी’, मुद्दाम नजर वळविली तर ‘लुक ॲट’, हलते-चालते काही लक्ष देऊन पाहिले तर ‘वॉच’. ‘आय सॉ अ स्नेक’, ‘लुक ॲट द बोर्ड’, ‘वी वॉच्ड द मॅच’.

काही ठिकाणी मात्र मराठी आपणहून मदतीस येते. ‘से’, ‘टेल’ व ‘स्पीक’ यांचा घोळ सर्वत्र होतो. परंतु आपल्याजवळ ‘म्हणणे’, ‘सांगणे’ व ‘बोलणे’ असे तीन शब्द आहेतच. ‘तो म्हणाला’ तेथे ‘ही सेड’; ‘त्याने मला सांगितले’ तेथे ‘ही टोल्ड मी’; ‘ती मराठी बोलते’ तेथे ‘शी स्पीक्स मराठी’. ‘सांगणे’ला जशी ‘कोणाला’ याची अपेक्षा असते तशीच ‘टेल’ला असते. तसेच उसने घेणे म्हणजे ‘बॉरो’, उसने देणे म्हणजे ‘लेंड’. शेजारच्या बाकावरून पट्टी घेताना व देताना मुलांनी ही दोन वाक्ये म्हटली तर वेगळा पाठ घेण्याची गरज राहणार नाही.

वचनाच्या बाबतीत दोन शब्दांची जोडी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. मराठीत ‘केस’ अनेकवचनी: ‘तिचे केस काळे आहेत’, इंग्रजीत ‘हर हेअर इज ब्लॅक’. मराठीत ‘कात्री’ एकवचनी. इंग्रजीत ‘द सिझर्स आर ऑन द टेबल’. एकीकडचे अनेक दुसरीकडे एक, आणि एक ते अनेक. ‘होमवर्क’, ‘ॲडव्हाइस’, ‘इन्फर्मेशन’, ‘फर्निचर’ यांना अनेकवचनी ‘एस’ लागत नाही, हेही याच वेळी सांगावे.

आता मराठीत वस्तीला आलेल्या इंग्रजी शब्दांविषयी. मूल ‘लाइट’, ‘पास’, ‘पंक्चर’, ‘मार्क’, ‘कॅन्सल’ हे शब्द शाळेत येण्यापूर्वीच जाणते. ही त्याची मोठी पुंजी आहे. परंतु ते येथे मराठी घरच्या चालीरीतीने वागतात. आपण ‘पास झाला’ म्हणतो म्हणून मूल ‘ही बिकेम पास’ लिहिते. इंग्रजीत ‘ही पास्ड’ एवढेच पुरे. ‘गाडी कॅन्सल झाली’: ‘द बस वॉज कॅन्सल्ड’. ‘मार्क पडले’: ‘आय गॉट मार्क्स’. ‘लाइट गेली’: ‘द पॉवर इज आउट’. असे शब्द मुलांकडूनच गोळा करवावेत आणि एकेकाला त्याच्या मूळ गावची रीत विचारावी. हा सराव मुलांना अतिशय आवडतो, कारण त्यात त्यांना आधीच काही येत असते.

६. विरामचिन्हे व मोठी अक्षरे

विरामचिन्हांच्या बाबतीत आपले इंग्रजीशी जुने देणेघेणे आहे. मोडी लिपीतील कागदपत्रांत शब्दसुद्धा तोडून लिहिण्याचा प्रघात नव्हता. मग विरामचिन्हे कोठून असणार? एकोणिसाव्या शतकात मोल्सवर्थ यांचे सहकारी कोशकार मेजर कँडी यांनी इंग्रजीतील चिन्हे मराठीत आणण्याचा पुरस्कार केला. ‘विरामचिन्हांची परिभाषा’ ही त्यांची पुस्तिका सन १८५० ची. तेव्हा पूर्णविराम, स्वल्पविराम व प्रश्नचिन्ह ही आपली मुले मराठीतच शिकून येतात. मराठी शुद्धलेखनात ती काटेकोरपणे घ्यावीत. इंग्रजीचे निम्मे काम तेथेच होते.

उरले निम्मे, ते देवनागरीत नसलेल्या दोन गोष्टींचे. पहिली गोष्ट मोठी अक्षरे. वाक्याचा आरंभ, व्यक्तीचे व गावाचे नाव, वार, महिना, भाषेचे नाव, आणि ‘मी’ या अर्थाचा ‘आय’ या ठिकाणी मोठे अक्षर येते. मुलांनी स्वतःचे, आईचे, गावाचे व जवळच्या नदीचे नाव लिहून आरंभ करावा. ज्या अक्षरात स्वतःच्या नावाचा मान आहे, ते मूल विसरत नाही.

दुसरी गोष्ट अपॉस्ट्रॉफी हे लहानसे चिन्ह. त्याची कामे दोन. एक, मालकी दाखविणे. म्हणजे आपल्या ‘चा, ची, चे’चे काम. मालक एक मुलगा असेल तर चिन्ह ‘एस’च्या आधी, मालक अनेक मुलगे असतील तर ‘एस’च्या नंतर. दोन, गाळलेल्या अक्षराची जागा दाखविणे: ‘डू नॉट’चे ‘डोंट’. साध्या अनेकवचनात हे चिन्ह कधीही येत नाही, हे ठासून सांगावे. दुकानांच्या पाट्यांवर ही चूक पदोपदी दिसते. ‘इट्स’ हा शब्द चिन्हासह लिहावा की चिन्हावाचून, हे ठरविण्यासाठी तो उलगडून पाहावा. ‘इट इज’ असे वाचून अर्थ लागला तर चिन्ह हवे. ‘त्याचा, त्याची’ असा अर्थ असेल तर नको, जसे ‘हिज’ व ‘हर्स’ यांत नसते.

स्वल्पविरामाविषयी एकच सूचना. मराठीत ‘पाऊस आला, आम्ही घरी गेलो’ असे आपण सहज लिहितो. इंग्रजीत दोन पूर्ण वाक्ये नुसत्या स्वल्पविरामाने जोडणे प्रशस्त मानीत नाहीत. मध्ये ‘अँड’ किंवा ‘सो’ घालावा, नाही तर पूर्णविराम देऊन दुसरे वाक्य मोठ्या अक्षराने सुरू करावे. प्राथमिक शाळेत लहान वाक्ये व पूर्णविराम हाच सुरक्षित मार्ग होय.

७. सराव कसा घ्यावा

आता मुख्य प्रश्न. दोन इयत्ता, एक शिक्षक, आणि इंग्रजीशिवाय इतर विषय आहेतच. मग वेळ कोठून आणावा? माझी सूचना माफक आहे. आठवड्याला एकच नियम घ्यावा आणि रोज दहा मिनिटे द्यावीत. सोमवारी नियम केवळ तोंडी, घरगुती वाक्यांतून. मंगळवारी तीच वाक्ये फळ्यावर, गाळलेल्या जागांसह. बुधवारी जोडीजोडीने प्रश्नोत्तरे. वरच्या इयत्तेतील मुलाने खालच्याला विचारावे, म्हणजे दोन्ही इयत्तांचे काम एकदम होते. गुरुवारी पाच वाक्यांचे श्रुतलेखन, विरामचिन्हांसह. शुक्रवारी प्रत्येकाने स्वतःविषयी तीन वाक्ये लिहावीत. शनिवारी सकाळच्या शाळेत पुठ्ठ्यांचा खेळ व मागील नियमांची उजळणी. वर्षाचे शालेय आठवडे पाहता पंचवीस-तीस नियम सहज होतात. आणि तेवढे पक्के झालेले मूल हायस्कुलात मान खाली घालणार नाही.

वह्या तपासण्याविषयी थोडे सविस्तर बोलतो, कारण सारे श्रम तेथेच फळतात किंवा वाया जातात. एका शाळेत मी एका मुलीची वही पाहिली. ‘माझी शेळी’ या विषयावर तिने स्वतःच्या मनाने अकरा ओळी लिहिल्या होत्या. शेळी काय खाते, तिला कशाची भीती वाटते, तिचे पिल्लू कसे दगावले, हे सारे त्यात होते. तपासणाऱ्याने प्रामाणिकपणे प्रत्येक चूक तांबड्या शाईने दाखविली होती. पानावर निळ्यापेक्षा तांबडेच अधिक झाले होते. पुढच्या पानावरचा निबंध चार ओळींचा होता, निर्दोष होता, आणि शब्दशः पाठ्यपुस्तकातून उतरलेला होता. पुस्तकाच्या त्या चार ओळींत चूक एकही नव्हती आणि ती मुलगीही नव्हती.

म्हणून विनंती अशी की, ज्या आठवड्यात जो नियम चालू असेल, त्याच्याच चुका त्या आठवड्यात दाखवाव्यात. बाकीच्या दिसल्या तरी मनात नोंदवून पुढच्या आठवड्यांसाठी राखून ठेवाव्यात. बोलण्यात तर मुलाला अडवूच नये. ते म्हणाले, ‘शी गो टु मार्केट’, तर आपण सहज म्हणावे, ‘ओ, शी गोज टु द मार्केट! व्हॉट डज शी बाय?’ बरोबर रूप त्याच्या कानावर पडले, संभाषण पुढे चालले, आणि त्याची मान ताठ राहिली. आपल्या आया आपल्याला मराठी अशाच शिकवीत आल्या आहेत.

आपल्या स्वतःच्या इंग्रजीविषयी अनेकांच्या मनात धाकधूक असते. ती येथे उघडपणे बोललेली बरी. शिक्षकाला प्रत्येक शब्द आला पाहिजे असे नाही. शब्द कोठे पाहावा हे त्याला आले पाहिजे. टेबलावर एक चांगला शब्दकोश ठेवावा, आणि शंका आली की मुलांसमक्षच म्हणावे, ‘चला, पाहू या.’ शिक्षक कोश उघडतो हे दृश्य मुलाच्या मनावर मोठा संस्कार करते. भाषाही वाढत असते. भारतीयांनी रूढ केलेल्या ‘प्रीपोन’ या शब्दाला इंग्लंडातील कोशांनी जागा दिली आहे. तेव्हा इंग्रजी ही देव्हाऱ्यातील मूर्ती नव्हे. ती हाताळावयाची वस्तू आहे. मात्र हाताळण्याची रीत नीट शिकावी व शिकवावी.

शेवटी एकच सांगावयाचे आहे. सन २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत मातृभाषेतून शिकविण्यावर भर दिला आहे. यात इंग्रजीचा अनादर नाही. आज आपण जे जे पाहिले, त्यात प्रत्येक पायरीवर मराठीच हाती होती: आजीच्या गोष्टीतला ‘एक राजा’, ‘म्हणणे’ व ‘सांगणे’ यांतला भेद, देवनागरीचा शुद्ध उच्चार. ज्या मुलाला कर्ता व कर्म मराठीत ओळखता येतात, त्यालाच ते इंग्रजीत लवकर सापडतात. म्हणून आपली मराठी उत्तम करावी, तिच्या खांद्यावरून मुलाला इंग्रजी दाखवावी, आणि एक नियम, दहा मिनिटे, हा क्रम येत्या सोमवारपासूनच सुरू करावा.